जुन्या सी कोडमधली टीएलएस लायब्ररी: मेमरी सुरक्षेचं काम कुठून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत लिहिलेली, बरीच वर्षं वापरात असलेली टीएलएस (इंटरनेटवरचं संभाषण कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) लायब्ररी. सांभाळणारे तिघंचौघं. वर्षभरात बफरच्या (डेटासाठी घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या) हद्दीबाहेर वाचण्याचे दोन बग सापडले आणि दोन्ही वेळा एकेक तपासणी वाढवून पॅच काढला. आता हे काम मुळातून करायचं आहे. सगळं रस्टमध्ये (मेमरीच्या चुका मुळातच अडवणाऱ्या भाषेत) नव्याने लिहावं की आहे तो कोड सुधारावा? आणि सुधारायचा तर हात कुठे घालावा?

सगळं नव्याने लिहू नका, निदान सुरुवात तिथून करू नका. तिघाचौघांच्या हातून असं पुनर्लेखन वर्षानुवर्षं चालतं, आणि तेवढा सगळा काळ लोकांच्या यंत्रांवर जुनाच कोड चालत असतो. त्याऐवजी एकच सूत्र धरून आहे त्या कोडमधून जा: पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि त्याची लांबी जिथे जिथे एकमेकांपासून सुटले आहेत, तिथे तिथे त्यांना पुन्हा एकत्र बांधा. मी अशा कोडवर पंधराएक वर्षं काम करतो आहे. हद्दीबाहेर वाचण्या-लिहिण्याचे जे बग मी निस्तरले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच निघालं. लांबी कोणाला तरी ठाऊक होती, पण ज्या ओळीला ती हवी होती तिच्यापर्यंत ती पोचली नव्हती.

हार्टब्लीड या गाजलेल्या बगचंच बघा. ७ एप्रिल २०१४ ला तो जाहीर झाला, ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या टीएलएस लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता. हार्टबीट, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का हे पाहणाऱ्या संदेशाची रचना साधी आहे: एक बाइट प्रकार, दोन बाइट लांबी, मग तेवढा मजकूर आणि शेवटी किमान सोळा बाइट पॅडिंग. घेणाऱ्याने तोच मजकूर परत पाठवायचा. कोड पॉइंटर पुढे सरकवत प्रकार वाचायचा, लांबी वाचायचा, त्या लांबीच्या हिशेबाने उत्तरासाठी बफर घ्यायचा आणि मजकुराच्या जागेपासून तेवढे बाइट मेमकॉपीने उचलायचा. पाठवणाऱ्याने लांबीच्या जागी ६५५३५ लिहिलं आणि मजकूर बाइटभरच दिला, तर उरलेले जवळजवळ ६४ किलोबाइट शेजारच्या हीपमधून (चालू प्रोग्रॅमच्या मेमरीच्या साठ्यातून) जायचे. त्यात कोणाचा पासवर्ड, कोणाची सेशन कुकी, प्रसंगी सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा. आणि रेकॉर्ड (टीएलएसचं एक पाकीट) प्रत्यक्षात किती बाइटांचं आलं हा आकडा त्याच क्षणी, त्याच कनेक्शनच्या स्ट्रक्चरमध्ये, दोन पातळ्या आत नोंदलेला होता. फंक्शनमध्ये पॉइंटर तेवढा एकटा शिरला होता. १.०.१जी मधल्या दुरुस्तीने तो आकडा आणून तुलना घातली. दुरुस्ती बरोबर होती, पण ती त्या जागेपुरती. तुमचे दोन्ही पॅचही याच जातीचे दिसतात.

म्हणून वाचणाऱ्या कोडला तपासणी जोडत बसण्यापेक्षा, तपासणी विसरताच येणार नाही असा वाचक द्या. दोनच फील्डचं एक स्ट्रक्चर: सध्याची जागा आणि उरलेले बाइट. त्यावर मोजकी फंक्शन्स: एक बाइट घे, दोन बाइटांचा आकडा घे, तीन बाइटांचा घे, इतके बाइट वगळ, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘दोन बाइटांची लांबी वाचून तेवढ्या भागाचा स्वतंत्र उपवाचक काढून दे’. प्रत्येक फंक्शन यश किंवा अपयश कळवतं आणि अपयशी झालं तर वाचकाला जागचं हलवत नाही. ही कल्पना माझी नाही. गूगलच्या बोरिंगएसएसएलमध्ये ती सीबीएस या नावाने आहे, ओपनएसएसएलमध्ये १.१.० पासून पॅकेट म्हणून आली, ॲमेझॉनच्या एस-टू-एनमध्ये तिला स्टफर म्हणतात. वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या लायब्ररीत तेच केलं, यावरून तिची गरज ओळखावी.

फरक कळण्यासाठी सर्व्हरचं नाव सांगणारं एक्स्टेंशन (पहिल्या संदेशाला जोडलेला जादा भाग) घ्या. त्यात लांबीत लांबी आहे: आधी यादीची लांबी दोन बाइट, मग नावाचा प्रकार एक बाइट, मग नावाची लांबी दोन बाइट, मग नाव. जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये इथे तीन तुलना हाताने लिहाव्या लागतात: यादी एक्स्टेंशनमध्ये बसते का, नाव यादीत बसते का, आणि शेवटी काही शिल्लक राहिलं का. माझ्या अनुभवात दुसरी तुलना चुकते. कोणीतरी नावाची लांबी यादीच्या शेवटाशी ताडण्याऐवजी अख्ख्या एक्स्टेंशनच्या शेवटाशी ताडतो. क्रॅश होत नाही, चाचण्या हिरव्या राहतात, आणि पार्सर (बाइटांचा अर्थ लावणारा कोड) शेजारच्या भागाला नाव समजून वाचत राहतो. नव्या पद्धतीत एक्स्टेंशनच्या वाचकातून यादीचा उपवाचक निघतो, यादीच्या उपवाचकातून नावाचा. नावाच्या वाचकाला यादीपलीकडचं जग दिसतच नाही. शेवटी दोन्ही बाहेरचे वाचक रिकामे झाले का एवढं विचारलं की काम झालं. पार्सिंगच्या कोडमध्ये बेरीज-वजाबाकी उरत नाही, त्यामुळे ती चुकतही नाही.

हे करताना दोन गोष्टींची काळजी घ्या. या फंक्शन्सच्या उत्तराकडे दुर्लक्ष केलं तर कंपायलरने बिल्ड अडवायला हवा. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत त्यासाठी ॲट्रिब्यूट आहे, ते लावा आणि इशाऱ्याला चूक माना. दुसरं, वाचकाच्या आतली तुलना एकदाच आणि नीट लिहा. जुन्या कोडमध्ये ‘जागा अधिक लांबी ही शेवटापेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना हमखास सापडते. ती चूक आहे. बेरीज बफरच्या पलीकडे गेली की सी भाषेच्या नियमांप्रमाणे तिथेच अनिर्धारित वर्तन (म्हणजे पुढे काहीही होऊ शकतं) सुरू होतं, आणि कंपायलर ती तुलना कधीच खरी ठरणार नाही असं धरून अख्खी काढून टाकू शकतो. ‘लांबी ही उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी आहे का’ असं विचारा. लांबी साइज-टी (कधी उणे न होणारा प्रकार) मध्येच ठेवा. दोन्ही आकडे साध्या इंटमध्ये ठेवले, तर उणे झालेली लांबी वरची तुलना खुशाल पार करते आणि मेमकॉपीत शिरताना प्रचंड धन संख्या होऊन बसते.

लांबी दोन प्रकारची असते हेही कोडमध्ये दिसू द्या. समोरून आलेली लांबी हा दावा असतो. आपण मेमरी घेताना मोजलेली लांबी ही वस्तुस्थिती. जून २०१४ मध्ये ओपनएसएसएलच्या डीटीएलएसमध्ये (सुट्या पॅकेटांवर चालणाऱ्या टीएलएसमध्ये) दुरुस्त झालेला तुकड्यांचा बग याच गोंधळातून झाला होता. डीटीएलएसमध्ये मोठा हँडशेक (जोडणी जुळवण्याचा) संदेश तुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्यावर पूर्ण संदेशाची लांबी पुन्हा लिहिलेली असते. पहिल्या तुकड्याने सांगितलेल्या लांबीवरून बफर घेतला जायचा. पुढच्या तुकड्याने आणखी मोठी लांबी सांगितली, तर तो तुकडा बसतो का हे त्याच्याच नव्या दाव्याशी ताडलं जायचं, घेतलेल्या बफरशी नाही. एका दाव्याची साक्ष दुसऱ्या दाव्याने काढली. बफर, त्याची क्षमता आणि भरलेला भाग हे तिन्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये असते तर ही तुलना लिहिण्याची पाळीच आली नसती.

लिहिणाऱ्या बाजूलाही हेच करा. संदेश बांधणारा कोड ‘आधी किती लागेल ते मोज, मग तेवढी मेमरी घे, मग भर’ असा असेल, तर मोजणारा आणि भरणारा भाग कधी ना कधी एकमेकांशी विसंगत होतातच. कोणीतरी नवीन फील्ड भरतो आणि मोजायला विसरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ओपनएसएसएल १.१.१एल ने दुरुस्त केलेला एसएम-टू या चिनी कूटपद्धतीच्या डिक्रिप्शनचा बग नेमका हा होता. फंक्शन दोनदा बोलवायचं, पहिल्यांदा आकार विचारायला, दुसऱ्यांदा मजकूर घ्यायला. पहिल्या वेळी सांगितलेला आकार प्रत्यक्षापेक्षा कमी निघू शकत होता आणि बफरपलीकडे ६२ बाइटांपर्यंत लिहिलं जात होतं. लिहिणाऱ्या फंक्शनला बफरची क्षमता प्रत्येक वेळी हातात द्या आणि ती त्याने स्वतः तपासावी. आधीच्या कॉलमध्ये दिलेल्या शब्दावर विसंबू नये.

‘आम्ही काळजीपूर्वक लिहितो, रिव्ह्यूही करतो’ असं सांगणाऱ्यांना मी १ नोव्हेंबर २०२२ ची ओपनएसएसएल ३.०.७ दाखवतो. प्रमाणपत्रातल्या ईमेल पत्त्यासाठी प्युनीकोड (इतर लिप्यांतली अक्षरं इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडणारं फंक्शन होतं. ५१२ पूर्णांकांचा ॲरे स्टॅकवर, आणि भरलेली संख्या कमाल मर्यादेपेक्षा मोठी झाली का अशी तपासणी. तपासणी होती! फक्त ‘मोठी’च्या जागी ‘मोठी किंवा तेवढीच’ हवं होतं. एक पूर्णांक, म्हणजे चार बाइट, ॲरेच्या बाहेर लिहिले जात होते. हा कोड जुना नव्हता. हार्टब्लीडनंतर, फझिंग (कोडला बेछूट इनपुट देऊन बग शोधणं) आणि रिव्ह्यूच्या काळात लिहिलेला, ३.० मध्ये नव्याने आलेला होता. माणसं निष्काळजी होती असं मला मुळीच वाटत नाही. उघडा इंडेक्स आणि उघडी मर्यादा हाताने ताडायची वेळ पुरेशा वेळा आली की कोणीही एकदा चुकतो.

आता क्रम. समोरच्याची ओळख पटण्यापूर्वी जो कोड चालतो तो आधी घ्या: क्लायंट हॅलो (जोडणीचा पहिला संदेश) आणि त्याची एक्स्टेंशन्स, डीटीएलएसचे तुकडे, सेशन तिकीट (जुनं सत्र पुन्हा सुरू करण्याचं), प्रमाणपत्राच्या एएसएन.१ या रचनेचं पार्सिंग. तिथे कोणीही अनोळखी माणूस एक पॅकेट पाठवून पोचतो. ओळख पटल्यानंतरचा कोड दुसऱ्या फेरीत घेतला तरी चालेल, आणि कमांड लाइनची साधनं सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच फाइल, एका कमिटमध्ये एकच फंक्शन, आणि वर्तनात काहीही बदल नाही. त्याच कमिटमध्ये नावं बदलणं, कोड ‘सुंदर’ करणं असं काही करू नका. रिव्ह्यू करणाऱ्याला बदलाचा अर्थ ओळीओळीने लावता आला पाहिजे.

यापूर्वी एक छोटं काम मात्र आवश्यक आहे. लायब्ररीत वेगासाठी स्वतःचा मेमरी पूल किंवा वापरलेले बफर साठवून ठेवणारी यादी असेल तर ती काढून टाका, किमान चाचणीच्या बिल्डमध्ये बंद करता येईल अशी करा. हार्टब्लीडच्या काळात ओपनएसएसएलमध्ये अशी यादी होती. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅलॉकमध्ये (मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये) असलेली संरक्षणं तिथे निरुपयोगी ठरत होती. फ्री केलेला बफर खरंतर कधी फ्री होतच नव्हता. ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचंही तसंच होतं. तो मॅलॉकने दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्शबंदीचा पट्टा आखतो. तुमचा पूल त्याला एकच मोठा तुकडा दिसतो, आणि आतली सगळी घुसखोरी त्याच्या नजरेआड राहते. पूल बंद केल्यावर चाचण्या कोसळायला लागल्या तर घाबरू नका. ते बग आधीपासूनच होते.

हद्दीनंतर मालकीचा प्रश्न येतो: ही मेमरी फ्री कोणी करायची? माझ्या हाताखालच्या एका लायब्ररीत, एका सत्राला प्रमाणपत्रांची साखळी जोडणारं फंक्शन होतं. यशस्वी झालं की साखळीची मालकी सत्राकडे जायची. अपयशी झालं तर? लिहिणाऱ्याने अपयशाच्या वाटेवर साखळी फ्री केली होती, आणि बोलवणाऱ्यानेही आपल्या सफाईच्या लेबलाखाली ती फ्री केली होती. दोघांचाही विचार आपापल्या जागी योग्य. ते अपयश फक्त मेमरी संपली तरच यायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला डबल फ्री दिसला नाही. तो सापडला तो मॅलॉकला मुद्दाम अपयशी करणाऱ्या चाचणीत. पूर्ण हँडशेक चालवायचा आणि पहिलं मॅलॉक फसवायचं. पुन्हा चालवायचा आणि दुसरं फसवायचं. मग तिसरं, हँडशेक निर्विघ्न पार पडेपर्यंत. ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून ही चाचणी रात्रभर लावा. अर्ध्या दिवसात लिहून होते आणि इतकं देऊन जाणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

मालकी नावातच दिसावी. ओपनएसएसएलची शून्य-एकची पद्धत चांगली आहे: नावात शून्य असलेलं सेट फंक्शन दिलेली वस्तू स्वतःकडे घेतं, एक असलेलं तिची प्रत किंवा संदर्भसंख्या वाढवून घेतं. त्यात एक नियम आपला जोडा आणि तो कधीही मोडू नका: अपयश आलं तर मालकी बोलवणाऱ्याकडेच राहते. सफाई हाताने लिहिण्यापेक्षा जीसीसी-क्लँगचं क्लीनअप ॲट्रिब्यूट वापरा, म्हणजे व्हेरिएबल स्कोपबाहेर जाताना फ्री आपोआप होतं. पूर्ण सी++ ला जाण्याची तयारी असेल तर युनिक पॉइंटर (मालकीसाठी) आणि स्पॅन (पॉइंटर-लांबीच्या जोडीसाठी) ही दोन हत्यारं पुरतात. बोरिंगएसएसएलने टीएलएसचा भाग त्याच मार्गाने नेला.

इथवर सांगितलेलं कुठल्याही नेटवर्क कोडला लागू आहे. क्रिप्टोच्या कोडमध्ये मात्र एक वेगळी अडचण आहे, आणि मेमरी सुरक्षेच्या उत्साहात लोक नेमके तिथे घसरतात. इथे मेमरी ‘सुरक्षित’ असणं म्हणजे फक्त हद्दीत राहणं नाही. किल्ली काम झाल्यावर पुसली जाणं आणि तिच्यावरून वेळेत फरक न पडणं हेही त्यात येतं.

पुसण्याचं आधी. किल्लीचा बफर फ्री करण्यापूर्वी मेमसेटने शून्य केला, तर कंपायलर म्हणतो की यानंतर कोणी हा बफर वाचत नाही, मग हे लिखाण कशाला, आणि ते काढून टाकतो. ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या बिल्डमध्ये सगळं नीट दिसतं, प्रत्यक्ष बिल्डमध्ये किल्ली तशीच पडून. यासाठी एक्सप्लिसिट बी-झीरो आहे, ग्लिबसीत (लिनक्सच्या सी लायब्ररीत) ते २०१७ च्या २.२५ मध्ये आलं, आणि सी२३ प्रमाणकात मेमसेट एक्सप्लिसिट आलं आहे. तुमच्या लायब्ररीत यांपैकी एकाभोवती एकच फंक्शन असू द्या. आणि गुप्त मजकुराच्या बफरवर रीॲलॉक (आकार बदलणारं फंक्शन) कधीही वापरू नका. मेमरी नव्या जागी हलली तर जुन्या जागेतली प्रत न पुसता फ्री होते, आणि तिचा पत्ताही तुमच्याकडे उरत नाही.

वेळेचं प्रकरण अधिक नाजूक. सीबीसी पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या रेकॉर्डमध्ये पॅडिंग किती आहे हे उलगडल्यानंतर शेवटच्या बाइटवरून कळतं. ती लांबी गुप्त आहे. तिच्यावरून लवकर परतलात, किंवा मॅक (मजकूर कोणी बदलला नाही याची खूण) कमी-जास्त बाइटांवर काढलात, तर लागणाऱ्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून मजकूर काढता येतो. २०१३ मधल्या लकी थर्टीन हल्ल्याने ते दाखवून दिलं. आता समजा कोणी उत्साहाने या फंक्शनमध्येही नवा वाचक बसवला: ‘पॅडिंगची लांबी उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी असेल तर लगेच अपयश’. हद्दीच्या दृष्टीने निर्दोष, आणि त्याच ओळीने हल्ल्याचं दार उघडलं. अशा जागी मर्यादा नेहमी सर्वांना दिसणाऱ्या लांबीवरून, म्हणजे रेकॉर्डच्या लांबीवरून ठरवा. तेवढ्या हद्दीत सगळे बाइट वाचा आणि कुठले धरायचे ते मास्कने (शाखा न घेता, बिटांच्या गणिताने) ठरवा. ही फंक्शन्स वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि वर ठळक लिहा की इथे इफ घालायचा तर आधी विचारा. तपासायला एक सुंदर युक्ती आहे: गुप्त बाइट व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाला ‘न भरलेली मेमरी’ म्हणून सांगा. त्यांच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक शाखा आणि प्रत्येक इंडेक्स तो बोंब मारून दाखवतो. मेमरीचे बग शोधणारं साधन वेळेची गळती शोधायला कामी येतं.

आणि साधनाने बोंब मारली म्हणून ओळ काढायची नसते, याचं सर्वांत महागडं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, न भरलेली मेमरी वापरली जाते या इशाऱ्यामुळे यादृच्छिक संख्यांच्या कोडमधल्या ओळी बंद केल्या गेल्या. त्यांतली एक ओळ सगळी एंट्रोपी (यादृच्छिकपणाचा कच्चा माल) आत घेणारी होती. उरला तो जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ते उघड झालं तोवर असंख्य कमकुवत किल्ल्या बनून वापरात गेल्या होत्या. सॅनिटायझरचा प्रत्येक इशारा बंद करण्यापूर्वी ती ओळ काय करते हे ज्याला माहीत आहे, अशा माणसाने लेखी सांगावं, हा नियम आमच्याकडे याच गोष्टीमुळे आला.

फझिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘आम्ही फझिंग करतो’ हे वाक्य फार फसवं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मोझिलाच्या एनएसएस या क्रिप्टो लायब्ररीतला जाहीर झालेला बग पाहा. सही तपासण्यासाठी ठरावीक आकाराचा बफर होता, १६३८४ बिटांच्या आरएसए सहीला पुरेल एवढा. त्याहून मोठी सही दिली की ती न मोजता आत कॉपी व्हायची. इतका साधा बग, २०१२ पासून तिथे होता, आणि एनएसएसचं फझिंग वर्षानुवर्षं चालू होतं. तो शोधणाऱ्या टॅव्हिस ऑर्मंडीने कारणंही सांगितली: फझरला दिलेल्या इनपुटच्या आकारावर मर्यादा होती, प्रत्येक भागाचं फझिंग सुटंसुटं होतं, आणि कव्हरेजचे (किती कोड चालला याचे) आकडे चांगले दिसत होते. म्हणून इनपुटवर लहान मर्यादा घालू नका, आणि भागांच्या जोडीला एक फझर तरी प्रमाणपत्र हाती आल्यापासून सही तपासून होईपर्यंतचा अख्खा प्रवास करणारा असू द्या.

क्रिप्टोमुळे फझर दारातच अडतो हेही लक्षात घ्या. एक बिट बदलला की मॅक जुळत नाही आणि पुढचा कोड कधी चालतच नाही. फझिंगच्या बिल्डमध्ये यादृच्छिक संख्या ठरावीक करा, रेकॉर्डचं एनक्रिप्शन निष्क्रिय करा, सही-मॅकची तुलना पार होऊ द्या. तुलनेच्या आधीचा सगळा कोड मात्र खराच चालला पाहिजे. हा बिल्ड चुकूनही बाहेर जाऊ नये म्हणून तो फ्लॅग दिल्यास सामान्य लायब्ररी तयारच होऊ नये अशी व्यवस्था करा.

आता एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. ॲड्रेस सॅनिटायझर मॅलॉकच्या तुकड्यापलीकडचं वाचन पकडतो, तुकड्याच्या आतलं नाही. टीएलएसचा रेकॉर्ड १६३८४ बाइटांपर्यंत असतो आणि लायब्ररी तो एका मोठ्या बफरमध्ये वाचते. त्यात चाळीस बाइटांचा संदेश आला आणि पार्सरने सत्तर बाइट वाचले, तर सॅनिटायझरच्या मते सगळं हद्दीतच आहे. म्हणून फझिंगच्या बिल्डमध्ये प्रत्येक संदेश पार्सरला देण्यापूर्वी त्याच्या बरोब्बर लांबीच्या नव्या मॅलॉक तुकड्यात कॉपी करा. मग एका बाइटचंही अतिक्रमण त्या पट्ट्यावर आदळतं. आम्ही हा बदल केला त्या आठवड्यात, सेशन तिकिटाच्या पार्सरमध्ये लांबी एकाने जास्त वाचणारी ओळ सापडली. त्या फाइलचं फझिंग त्याआधी कित्येक महिने शांतपणे चालू होतं.

कंपायलरचे फ्लॅग एका दुपारचं काम आहे, ते करून टाका: फोर्टिफाय सोर्स पातळी तीन, स्टॅक प्रोटेक्टर, आणि न भरलेली स्थानिक व्हेरिएबल्स आपोआप शून्य करणारा पर्याय. यांनी बग जात नाहीत, बगचा परिणाम मर्यादित राहतो.

राहिला रस्ट. मी त्याच्या बाजूचा आहे, आणि नव्या कोडसाठी आग्रहाने आहे. अँड्रॉइडचा अनुभव बोलका आहे: तिथे मेमरीशी संबंधित सुरक्षा-बगांचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, आणि त्यासाठी जुना कोड सगळा फेकून द्यावा लागला नाही, नवा कोड सुरक्षित भाषेत लिहीत गेले. तुमच्याकडेही नवीन एक्स्टेंशन, नवीन प्रकारचं प्रमाणपत्र, असं जे स्वतंत्र आणि पार्सिंगप्रधान असेल ते रस्टमध्ये लिहा. प्रमाणपत्राचा पार्सर हा पहिला उमेदवार: इनपुट बाइट, आउटपुट एक स्ट्रक्चर, मध्ये गुप्त काही नाही. क्रिप्टोच्या गणिताचा, असेंब्लीत लिहिलेला भाग तसाच राहू द्या; रस्टएलएससारख्या पूर्ण रस्टमधल्या लायब्ररीच्याही तळाशी तसा कोड असतोच. किल्ल्या रस्टमध्ये नेल्यात तर झीरोआइझ क्रेट (मेमरी पुसणारी रस्टची लायब्ररी) वापरा, पण व्हॅल्यू एका जागेहून दुसरीकडे मूव्ह झाली की जुन्या जागेचे बाइट तसेच राहू शकतात. किल्ली आधी हीपवर ठेवा आणि मग तिचा फक्त संदर्भ फिरवा.

सी आणि रस्टच्या सीमेवर माझा सर्वांत जास्त वेळ एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने खाल्ला. सीमध्ये रिकामा बफर म्हणजे नल पॉइंटर आणि लांबी शून्य, आणि आपण ते बिनदिक्कत सगळीकडे देतो. रस्टमध्ये कच्च्या पॉइंटरपासून स्लाइस (पॉइंटर-लांबीची जोडी) बनवताना पॉइंटर नल असून चालत नाही, लांबी शून्य असली तरीही. तिथेच अनिर्धारित वर्तन होतं, आणि ते बहुधा दिसत नाही, ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर भलतीकडेच उगवतं. म्हणून सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक फंक्शनने पॉइंटर-लांबीची जोडी एकाच रूपांतर-फंक्शनमधून आत घ्यावी: लांबी शून्य असेल तर पॉइंटरकडे न पाहता रिकामी स्लाइस, लांबी असून पॉइंटर नल असेल तर अपयश. अनसेफ (भाषेच्या तपासण्या सैल करणारा) हा शब्द बाइट आत घेण्यापुरता त्या एकाच फंक्शनमध्ये दिसावा. पॅनिकही (चूक झाल्यावर रस्टचं मध्येच थांबणं) सीमेबाहेर जाऊ देऊ नका, आतच पकडून साधा त्रुटी-क्रमांक परत करा. नाहीतर एका विचित्र प्रमाणपत्राने अख्खी प्रोसेस बंद पडते. तुमच्या आधीच्या दोन बगांची पॅकेट्स जपून ठेवली असतील तर या सीमेची पहिली चाचणी त्यांचीच करा. आणि त्यांच्या जोडीला शून्य लांबीचं प्रत्येक फील्ड असलेलं एक पॅकेट हाताने बनवा, ते फझरला सुचायला फार वेळ लागतो.